पावती ३०० बाइटची, जागा ४ केबीची: फाइल सिस्टिम नेमके काय पाहते आणि ते तपासायचे कसे

पिंपळगाव बसवंत परिसरातील एका वजनकाट्यावरचे संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. काट्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या दोन पावत्या तयार होतात, एक भरलेल्या वजनाची आणि एक रिकाम्या वजनाची, आणि प्रत्येक पावती सुमारे ३०० बाइटची साधी टेक्स्ट फाइल म्हणून लिनक्सच्या संगणकावर २० जीबीच्या स्वतंत्र पार्टिशनमध्ये साठते. आजवर जवळपास १२ लाख पावत्या जमल्या आहेत. हिशेबाने त्या साडेतीनशे एमबीच्या आत बसायला हव्यात, पण पार्टिशनवर साडेचार जीबीहून अधिक जागा गेलेली दिसते. कॅमेऱ्याचे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर आहेत आणि त्यांच्या आकारात व व्यापलेल्या जागेत मात्र काहीच फरक दिसत नाही. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तीच पावती कार्यालयातल्या विंडोज संगणकावर उतरवली की ‘साइज ऑन डिस्क’ शून्य दिसते आणि ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तीच १२८ केबी खाते. म्हणून ते विचारतात की फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइलींना जागा वाटून देणारी यंत्रणा, टेक्स्ट, फोटो आणि व्हिडिओ यांना वेगवेगळ्या प्रकारे साठवते का, हे स्वतः तपासायचे कसे, आणि डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी का.

प्रश्न चांगला आहे, कारण त्यात निरीक्षण पक्के आहे. फक्त कारण दुसरीकडे आहे. ‘टेक्स्ट’, ‘जेपेग’, ‘एमपी४’ हे प्रकार वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असतात, फाइल सिस्टिमसाठी नसतात. तिच्या दृष्टीने या तिन्ही ‘सामान्य फाइल’ आहेत, म्हणजे बाइटची एक सलग रांग, जिच्यात काय लिहिले आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. फाइल सिस्टिमचे स्वतःचे प्रकार वेगळे आहेत: सामान्य फाइल, डिरेक्टरी (म्हणजे फोल्डर), सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलचा पत्ता सांगणारी फाइल), कॅरेक्टर डिव्हाइस आणि ब्लॉक डिव्हाइस (यंत्राच्या भागांकडे नेणाऱ्या फाइली), नेम्ड पाइप आणि सॉकेट (प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती देण्याच्या वाटा). या सातांची साठवण खरोखर वेगळी असते, आणि ‘प्रकारानुसार साठवण’ तपासायची तर ती इथे तपासायची. तुमच्या पावत्या आणि व्हिडिओ यांच्यातला फरक मात्र प्रकाराचा नसून आकाराचा आहे.

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा पडताळून पाहावे. आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टंकताना ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टंकावीत. एखाद्या पावतीवर ‘स्टॅट’ ही आज्ञा चालवा आणि तिचा आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारी डिस्कवरची नोंद) क्रमांक, ‘साइज’ आणि ‘ब्लॉक्स’ हे तीन आकडे टिपून ठेवा. मग ‘एमव्ही’ने त्याच पार्टिशनवर तिचे नाव बदलून शेवटी ‘डॉट जेपीजी’ लावा आणि पुन्हा ‘स्टॅट’ चालवा. तिन्ही आकडे तेच राहतील. बदलेल ती फक्त डिरेक्टरीतील नावाची नोंद आणि आयनोडवरची ‘चेंज’ ही वेळ. उलट ‘फाइल’ नावाची आज्ञा त्या नव्या नावाला न फसता ही साधी टेक्स्ट फाइल आहे असेच सांगेल, कारण ती आतले सुरुवातीचे बाइट वाचून अंदाज करते. खऱ्या जेपेग फाइलची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटनी होते. ही ओळख प्रोग्रॅमची आहे. डिस्कवर जागा वाटून देणाऱ्या यंत्रणेला ती ठाऊकही नसते.

आता जागेचा प्रश्न. लिनक्सवर सर्वाधिक वापरली जाणारी ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम डिस्कचे समान आकाराचे ब्लॉक पाडते आणि हा आकार सहसा ४०९६ बाइट असतो. एक ब्लॉक एकाच फाइलला मिळतो. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटमध्ये दोनच टोमॅटो ठेवले तरी गाडीत जागा पूर्ण क्रेटची अडते, तसेच हे आहे. १२ लाख पावत्या गुणिले ४ केबी केले की सुमारे ४.५८ जीबी होतात, म्हणजे तुम्हाला दिसणारा आकडा अगदी बरोबर आहे. याउलट २ जीबीच्या व्हिडिओत शेवटचा ब्लॉक अर्धा रिकामा राहिला तरी २ केबी वाया जातात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासताना पहिली अडचण येते ती दोन वेगळ्या आकड्यांची. ‘एलएस -एल’ जो आकार दाखवते तो फाइलच्या मजकुराची लांबी आहे आणि ‘डीयू’ दाखवते ती व्यापलेली जागा. ‘स्टॅट’ दोन्ही दाखवते, पण तिथे ‘ब्लॉक्स’ या शब्दाखालचा आकडा ५१२ बाइटच्या एककात असतो, फाइल सिस्टिमच्या ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये नव्हे. त्यामुळे तुमच्या ३०० बाइटच्या पावतीपुढे ८ हा आकडा दिसेल, आणि त्याच ओळीत ‘आयओ ब्लॉक ४०९६’ असेही लिहिलेले असल्यामुळे माणूस ८ गुणिले ४०९६ करून बसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या लॉग फाइलींवरून जे हिशेब माझ्याकडे तपासायला येतात, त्यांत हा घोळ वारंवार दिसतो.

एकाच पावतीचे तीन ठिकाणी तीन हिशेब का, हे इथेच सांगून टाकतो, कारण उत्तरातला परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग हाच आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलसाठी मास्टर फाइल टेबलात एक नोंद असते, सहसा १०२४ बाइटची, आणि फाइल पुरेशी लहान असेल तर तिचा मजकूर त्या नोंदीतच बसवला जातो. वेगळा क्लस्टर (विंडोजमध्ये ब्लॉकला दिलेले नाव) लागत नाही, म्हणून ‘साइज ऑन डिस्क’ शून्य दिसते. पावती हरवलेली नसते आणि फुकटही साठलेली नसते. तिची जागा टेबलाच्या खात्यात मोजली जाते, एवढेच. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असणार, कारण विंडोजमध्ये ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट ड्राइव्हला न विचारता १२८ केबीचा क्लस्टर दिला जातो. म्हणजे १० हजार पावत्या, ज्यांचा मजकूर जेमतेम ३ एमबी आहे, त्या पेन ड्राइव्हवर सव्वा जीबीच्या आसपास जागा घेतील. लिनक्सवरच्याच बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये लहान फाइल मेटाडेटाच्या (फाइलींविषयीच्या नोंदींच्या) झाडातच ठेवण्याची सोय आहे आणि तिची नेहमीची मर्यादा २०४८ बाइट आहे. एक्सएफएस लहान डिरेक्टरी आणि लहान सिम्बॉलिक लिंक आयनोडमध्ये ठेवते, पण सामान्य फाइलचा मजकूर तिथे ठेवत नाही. म्हणून ‘फाइल सिस्टिम अशी साठवते’ असे मोघम विधान करता येत नाही. कोणती फाइल सिस्टिम, कोणता ब्लॉक आकार आणि फॉरमॅट करताना कोणत्या सोयी चालू केल्या होत्या, हे आधी पाहावे लागते. ईएक्सटी४ साठी हे ‘ट्यून२एफएस -एल’ दाखवते. त्यात ‘ब्लॉक साइज’, ‘आयनोड साइज’, ‘आयनोड काउंट’ आणि ‘फीचर्स’ या ओळी वाचाव्यात. यापुढचे सर्व मी ईएक्सटी४ धरून लिहितो, कारण तुमचे पार्टिशन तेच आहे.

सातही प्रकार तपासण्यासाठी काट्याच्या चालू डिस्कवर प्रयोग करू नका. त्यासाठी एक नकली डिस्क बनवणे सोपे आहे. ‘ट्रंकेट -एस १जी’ने १ जीबीची एक इमेज फाइल तयार करा आणि तिच्यावर ‘एमकेएफएस डॉट ईएक्सटी४’ चालवा. ब्लॉक आकार ४०९६ आहे हे ‘-बी’ पर्यायाने स्वतः सांगावे आणि इमेज ५१२ एमबीपेक्षा मोठीच घ्यावी, कारण त्याहून लहान फाइल सिस्टिमला फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम वेगळे नियम लावतो आणि मग प्रयोगातले आकडे खऱ्या डिस्कशी जुळत नाहीत. इमेज ‘माउंट -ओ लूप’ने जोडा. जोडण्यापूर्वीच इमेज फाइलवर ‘एलएस -एल’ आणि ‘डीयू’ चालवून पाहा: पहिली १ जीबी सांगेल, दुसरी त्यापेक्षा फारच कमी. इथे प्रयोग सुरू होण्याआधीच एक धडा मिळतो. जिथे काही लिहिलेलेच नाही तिथे फाइल सिस्टिम ब्लॉक देत नाही, नुसते भोक सोडते आणि वाचणाऱ्याला त्या जागी शून्ये देते. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइली बऱ्याचदा अशा पोकळ असतात.

जोडलेल्या इमेजमध्ये आता एकेक वस्तू तयार करा: ‘टच’ने रिकामी फाइल, तुमच्या पावतीची एक प्रत, ‘एमकेडिर’ने डिरेक्टरी, ‘एलएन -एस’ने एक आखूड आणि एक लांबलचक पत्त्याची सिम्बॉलिक लिंक, ‘एमकेफायफो’ने पाइप, आणि ‘एमकेनॉड’ने एक कॅरेक्टर व एक ब्लॉक डिव्हाइस. सॉकेट मात्र अशा थेट आज्ञेने बनत नाही. ‘एनसी -एलयू’सारखा (यातला यू मोठ्या लिपीत) एखादा ऐकणारा प्रोग्रॅम सुरू करावा लागतो. मग ‘सिंक’ करून ‘एलएस -एलआय’ चालवा. पहिल्या रकान्यात आयनोड क्रमांक येईल आणि परवानग्यांच्या रकान्यातले पहिलेच अक्षर प्रकार सांगेल: आडवी रेघ म्हणजे सामान्य फाइल, डी म्हणजे डिरेक्टरी, एल लिंक, सी आणि बी डिव्हाइस, पी पाइप, एस सॉकेट.

आत डोकावण्यासाठी ‘डीबगएफएस’ हे साधन वापरावे. ते इमेज फाइलवर थेट चालते आणि न सांगता काही लिहीत नाही. लिहिण्याची मुभा देणारा ‘-डब्ल्यू’ पर्याय मात्र चुकूनही देऊ नका. माउंट असलेल्या डिस्कवर ते कधीकधी शिळी माहिती दाखवते, कारण कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्मृतीत ठेवलेले बदल अजून डिस्कवर उतरलेले नसतात. म्हणून इमेज अनमाउंट करून मग पाहणे उत्तम. आत गेल्यावर ‘स्टॅट’ या शब्दापुढे कोनी कंसात आयनोड क्रमांक दिला की त्या वस्तूची सगळी कुंडली समोर येते.

रिकाम्या फाइलला आयनोड आहे पण एकही ब्लॉक नाही. पावतीला एक एक्स्टेंट (सलग ब्लॉकची नोंद) आहे आणि त्यात एकच ब्लॉक क्रमांक आहे. आखूड सिम्बॉलिक लिंकचे प्रकरण सर्वांत मजेदार आहे. आयनोडमध्ये ब्लॉकचे पत्ते लिहिण्यासाठी ६० बाइटची जागा राखलेली असते. लिंकचा पत्ता ५९ बाइटपर्यंत असेल तर तो त्याच जागेत लिहिला जातो, ब्लॉक लागत नाही, आणि डीबगएफएस तिथे ‘फास्ट लिंक’ असे म्हणून पत्ता सरळ छापते. पत्ता त्याहून लांब झाला की पूर्ण ४०९६ बाइटचा ब्लॉक खर्ची पडतो. आपल्याकडे याला एक खास कंगोरा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात, म्हणून ‘नाशिक’ हा शब्द १५ बाइटचा होतो. फोल्डरांची नावे मराठीत असतील तर वीस चिन्हांतच लिंक ही मर्यादा ओलांडते. फाइलच्या नावाची मर्यादाही २५५ बाइट असल्यामुळे मराठी नाव ८५ चिन्हांवर थांबते. यावरून मराठी नावे टाळा असा सल्ला मी देणार नाही. कागदपत्रे शोधायला ती सोयीचीच असतात. फक्त ‘फाइल नेम टू लाँग’ ही त्रुटी आली तर कारण इथे शोधावे.

डिव्हाइस फाइलच्या आयनोडमध्ये मजकूर नसतो आणि ब्लॉकचे पत्तेही नसतात; त्या जागी मेजर आणि मायनर असे दोन क्रमांक असतात, ज्यांवरून कर्नल योग्य ड्रायव्हर शोधतो. ‘डेव्ह नल’साठी हे क्रमांक १ आणि ३ असतात, पहिल्या साटा डिस्कसाठी सहसा ८ आणि ०. पाइप आणि सॉकेट यांच्याकडे एवढेही नसते. त्यांतून जाणारी माहिती कर्नलच्या स्मृतीतून जाते, डिस्कवर फक्त नाव आणि परवानग्या असतात. त्यामुळे पाइपमध्ये कितीही मजकूर ओतला तरी आकार शून्यच राहतो.

डिरेक्टरीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तुमच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. डिरेक्टरीलाही सामान्य फाइलसारखेच ब्लॉक मिळतात. फरक इतकाच की त्या ब्लॉकमधला मजकूर फाइल सिस्टिमला स्वतः वाचता येतो. प्रत्येक नोंदीत आयनोड क्रमांक, नोंदीची लांबी, नावाची लांबी, प्रकाराचा एक बाइट आणि मग नाव असते. वर सांगितलेले सात प्रकार इथे १ ते ७ या आकड्यांनी लिहिलेले असतात, आणि त्यात टेक्स्ट किंवा जेपेग यासाठी कुठलाही आकडा नाही. नावाआधीचा हा मजकूर ८ बाइटचा आहे आणि पूर्ण नोंद ४च्या पटीत नेली जाते. तुमच्या पावत्यांची नावे २४ अक्षरांच्या आसपास असतील तर प्रत्येक नोंद ३२ बाइटची होईल, आणि सगळ्या १२ लाख पावत्या एकाच फोल्डरमध्ये असतील तर केवळ नावांचे पान किमान ३६ एमबीचे झालेले असेल. प्रत्यक्षात अधिक, कारण ब्लॉक पूर्ण भरलेले नसतात. ‘एलएस -एलडी’ने फोल्डरचा स्वतःचा आकार पाहा म्हणजे खात्री पटेल. फोल्डर उघडायला वेळ लागतो अशी तक्रार असेल तर तिचे मूळही बहुधा इथेच आहे.

ज्यांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समाधान होत नाही, त्यांच्यासाठी शेवटची पायरी. डीबगएफएसने दिलेला पावतीचा ब्लॉक क्रमांक घ्या आणि ‘डीडी’ने इमेजमधून ४०९६ बाइटचा तेवढाच एक ब्लॉक वाचून ‘एक्सएक्सडी’कडे द्या. सुरुवातीला वाहनाचा क्रमांक आणि वजन वाचता येईल आणि त्यानंतर खालपर्यंत नुसती शून्ये दिसतील. तीच कृती फोटोच्या पहिल्या ब्लॉकवर केली तर एफएफ डी८ एफएफने सुरू होणारा दाट मजकूर दिसेल. दोन्ही ठिकाणी फाइल सिस्टिमने स्वतःचे एकही अक्षर मध्ये घातलेले नसते. ‘डीडी’मध्ये ‘आयएफ’ आणि ‘ओएफ’ यांची अदलाबदल झाली तर डिस्क पुसली जाते, म्हणून ही पायरी इमेजवरच करावी असा माझा आग्रह आहे.

व्हिडिओच्या डिस्कवर ‘फाइलफ्रॅग -व्ही’ चालवा. ईएक्सटी४ मोठ्या फाइलच्या प्रत्येक ब्लॉकचा पत्ता लिहीत नाही; ‘इथपासून सलग इतके ब्लॉक’ अशी एक्स्टेंटची नोंद करते. एक एक्स्टेंट ४ केबीच्या ब्लॉकने जास्तीत जास्त १२८ एमबी सांभाळतो आणि आयनोडच्या त्याच ६० बाइटमध्ये असे चार एक्स्टेंट मावतात. २ जीबीच्या फाइलला किमान १६ लागतात, म्हणून एक जादा ब्लॉक फक्त नोंदींसाठी घेतला जातो. २ जीबीवर ४ केबीचा हा भार तुम्हाला ‘काहीच फरक नाही’ असा वाटला, यात नवल नाही. फाइल नुकतीच लिहिली असेल तर आधी ‘सिंक’ करा, कारण ईएक्सटी४ जागा ठरवण्याचे काम शक्य तितके लांबवते आणि तोवर फाइलफ्रॅग ‘डीलॅलॉक’ असा शेरा दाखवते. काही रेकॉर्डर दिवसाची सगळी जागा आधीच राखून ठेवतात. तिथे ‘अनरिटन’ असा शेरा दिसतो. याचा अर्थ ब्लॉक मिळालेले आहेत पण त्यात अजून चित्रण आलेले नाही. अशा फाइलचा आकार पाहून किती तासांचे चित्रण साठले याचा अंदाज करू नये.

मजकुराच्या स्वरूपाचा साठवणीवर परिणाम होतो अशी एक जागा मात्र आहे, ती म्हणजे कॉम्प्रेशन करणाऱ्या फाइल सिस्टिम. बीटीआरएफएस किंवा झेडएफएसमध्ये कॉम्प्रेशन चालू असेल तर मोठ्या लॉग फाइली चांगल्या दबतात आणि जेपेग किंवा एमपी४ जवळपास दबत नाहीत, कारण त्या आधीच दाबलेल्या असतात. पण तिथेही निर्णय फाइलच्या नावावरून होत नाही. माहिती दाबून पाहिली जाते आणि उपयोग होत नसेल तर तशीच ठेवली जाते. ईएक्सटी४मध्ये ही सोय नाही, त्यामुळे तुमच्यापुरता हा मुद्दा इथेच सोडतो. लिनक्सच्या ‘प्रॉक’ या फोल्डरमधल्या फाइलींचा आकार शून्य दिसून आत मजकूर निघतो, त्याचाही डिस्कशी संबंध नाही, तो मजकूर वाचण्याच्या क्षणी कर्नल तयार करते.

इथवरचे एकत्र केले तर असे म्हणता येईल: सामान्य फाइलींमध्ये फाइल सिस्टिम लांबी आणि भोके एवढेच पाहते, सात मूळ प्रकारांमध्ये ती आयनोडमधली ६० बाइटची जागा वेगवेगळ्या कामाला लावते, आणि अगदी लहान फाइलचे काय करायचे हे प्रत्येक फाइल सिस्टिम आपापले ठरवते. तुमची साडेचार जीबी जागा यातून पूर्णपणे समजते.

पण तुमचा आकड्यांचा तपशील वाचताना मला खटकले ते दुसरेच. २० जीबीच्या पार्टिशनवर साडेचार जीबी गेल्याची तुम्हाला काळजी वाटते. मला आयनोडची वाटते. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीमागे एक आयनोड तयार करते. २० जीबीचे १३,१०,७२० आयनोड होतात. प्रत्येक पावती, मग ती कितीही लहान असो, एक आयनोड घेते. १२ लाख पावत्या झाल्या असतील तर जेमतेम १ लाख १० हजार उरले, आणि हंगामात दिवसाला हजारभर वाहने म्हणजे दोन हजार पावत्या धरल्या तर दोन महिन्यांच्या आत ते संपतील. त्या दिवशी ‘डीएफ -एच’ १० जीबीहून अधिक जागा मोकळी दाखवेल आणि तरीही नवी पावती साठवताना ‘डिस्कवर जागा नाही’ असा संदेश येईल, काट्यावर गाड्यांची रांग असताना. आजच ‘डीएफ -आय’ चालवून ‘आययूज’ खालची टक्केवारी पाहा. ती नव्वदच्या पुढे असेल अशी माझी अटकळ आहे. फॉरमॅट करणाऱ्याने वेगळे प्रमाण दिले असेल तर ती चुकू शकते, आणि चुकली तर चांगलेच.

आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. नंतर पार्टिशन वाढवले तर त्या प्रमाणात आयनोड वाढतात, पण आहे त्या आकारात ते वाढवता येत नाहीत. म्हणून पुन्हा फॉरमॅट करण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. ब्लॉक १०२४ बाइटचा करणे, आयनोड ५१२ बाइटचा करून ‘इनलाइन डेटा’ची सोय चालू करणे, म्हणजे ३०० बाइटची पावती आयनोडमध्येच बसेल, असे पर्याय आहेत. नेहमीच्या २५६ बाइटच्या आयनोडमध्ये ती बसणार नाही, तिथे मर्यादा सुमारे १६० बाइटची आहे. तरीही तुमच्या बाबतीत मी फॉरमॅटचा मार्ग सुचवणार नाही, कारण जागेचा प्रश्न त्याने सुटला तरी लाखो फाइलींचा बॅकअप घेताना आणि फोल्डर उघडताना होणारा त्रास तसाच राहतो.

त्याऐवजी जुन्या पावत्या महिन्यावार ‘टार’ करून, म्हणजे एकाच फाइलमध्ये बांधून, दाबून ठेवाव्यात. टारमध्ये प्रत्येक पावतीला ५१२ बाइटचे शीर्षक आणि ५१२ बाइटची मजकुराची जागा लागते, म्हणजे महिन्याच्या ६० हजार पावत्या सुमारे ५९ एमबीत बसतात, जिथे आज त्या २३४ एमबी घेतात. जीझिप केल्यावर हा आकडा बराच खाली येतो, कारण पावत्यांचा मजकूर एकसारखा असतो. पेन ड्राइव्हवरही मग महिन्याला एकच फाइल जाईल. काट्याचा प्रोग्रॅम लिहिणारी व्यक्ती हाताशी असेल तर पावत्या थेट एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या टेबलात साठवणे याहून चांगले. पण ते त्या व्यक्तीच्या सवडीवर आहे आणि हंगाम तोंडावर असताना मी चालू प्रोग्रॅमला हात लावणार नाही. मूळ पावत्या किती काळ ठेवणे बंधनकारक आहे, हे बाजार समितीकडे आणि तुमच्या हिशेबनिसाकडे विचारून घ्या.

पुसण्यापूर्वी टार फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून तिच्यातील नावांची संख्या मूळ फोल्डरशी ताडून पाहा आणि मधल्या चार-दोन पावत्या उघडून वाचा. पुसल्यावर ‘डीएफ -आय’मध्ये आयनोड लगेच मोकळे झालेले दिसतील. फोल्डरचा स्वतःचा आकार मात्र कमी होणार नाही. ईएक्सटी४ फुगलेली डिरेक्टरी आपणहून आकसत नाही. त्यासाठी पार्टिशन अनमाउंट करून ‘ई२एफएससीके -एफडी’ (यातला डी मोठ्या लिपीत) चालवता येते, किंवा त्याहून सोपे म्हणजे चालू महिन्याच्या पावत्या नव्या फोल्डरमध्ये हलवून जुने रिकामे फोल्डर काढून टाकावे, आणि पुढे दर महिन्याला वेगळे फोल्डर ठेवावे.